मोजणारा बदनाम, कोंडणारा कर्तबगार

2021 च्या ऑगस्टमध्ये देशात रोज सापडणाऱ्या नव्या कोरोनारुग्णांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या केरळात सापडत होते. साथ चांगली हाताळल्याबद्दल आधी केरळचं कौतुक झालं होतं, म्हणून 'कुठे गेलं ते केरळ मॉडेल?' असे मेसेज तेव्हा आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर चवीने फिरत होते. त्याआधी वर्षभर हाच न्याय महाराष्ट्राला लागला होता. सगळ्यात जास्त रुग्ण आपले, सगळ्यात जास्त मृत्यू आपले, म्हणजे कारभारही सगळ्यात वाईट आपलाच. ज्या राज्यांचे आकडे लहान होते त्यांची पाठ थोपटली जात होती. दुसरीकडे, ज्या जिल्ह्यात पोलिसांच्या काठ्या जास्त चालल्या तिथला अधिकारी 'डॅशिंग' ठरत होता. साथीच्या काळात आपण राज्याराज्यांची, जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना केली ती या दोनच मापांनी: रुग्ण किती आणि बंद किती कडक. माझ्या मते ही दोन्ही मापं खोटी होती, आणि पुढची साथ येईपर्यंत ती बदलली नाहीत तर पुन्हा त्याच चुका त्याच अभिमानाने होतील.

आधी रुग्णांच्या आकड्याचं बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2021 च्या जून-जुलैत चौथं देशव्यापी सेरो सर्वेक्षण केलं. लोकांचं रक्त तपासून त्यात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आहेत का, एवढंच त्यात पाहिलं होतं. देशाची सरासरी निघाली 67.6 टक्के. मध्य प्रदेशात 79, राजस्थानात 76.2, बिहारमध्ये 75.9, गुजरातमध्ये 75.3, उत्तर प्रदेशात 71 टक्के. महाराष्ट्रात 58. आणि केरळात 44.4, पाहणी झालेल्या राज्यांत सगळ्यात कमी. यात लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडंही धरलेली आहेत, आणि केरळ लसीकरणात पुढे होतं, हे लक्षात घेतलं तर हा आकडा आणखी बोलका होतो. म्हणजे देश ज्या राज्याला हसत होता तिथे तोवर सगळ्यात कमी लोकांना लागण झाली होती. उरलेल्यांना ती होत होती, तपासणी होत होती आणि आकडा रोज संध्याकाळी जाहीर होत होता. बिहारमध्ये चारांतल्या तिघांच्या रक्तात प्रतिपिंडं होती, पण तिथल्या रोजच्या आकड्याने कुणाची झोप उडाल्याचं आठवत नाही.

मृत्यूंचा हिशेब तर अजब तऱ्हेने उघडा पडला. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या नातेवाइकांना 50 हजार रुपये सानुग्रह मदत द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली 2021 मध्ये ठरलं. राज्यांकडे अर्ज येऊ लागले आणि जानेवारी 2022 मध्ये त्यांची संख्या न्यायालयापुढे आली. गुजरातने जाहीर केलेले मृत्यू होते दहा हजारांच्या आसपास. अर्ज आले जवळपास 90 हजार, आणि त्यातले 68 हजारांहून अधिक सरकारनेच मंजूर केले. तेलंगणात मृत्यू चार हजारांच्या घरात, अर्ज 29 हजारांच्या घरात. केरळात उलटं चित्र: 49 हजारांच्या वर मृत्यू जाहीर आणि अर्ज 27 हजार. आता मदतीसाठीची व्याख्या सैल होती, चाचणीनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू तीत बसत होता, त्यामुळे अर्ज जाहीर आकड्यापेक्षा थोडे जास्त येणं स्वाभाविकच. पण तीच व्याख्या केरळालाही लागू होती. व्याख्येच्या सैलपणाने आकडा सहा-सात पट होत नाही.

आपणही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राने एका दिवसात 1,328 जुने मृत्यू यादीत घातले, त्यातले 862 मुंबईचे. ते तोवर कुठे होते, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता. पण बिहारने असेच सुमारे चार हजार मृत्यू जून 2021 मध्ये जोडले तेव्हा त्याला पाटणा उच्च न्यायालयाचा रेटा लागला होता. आपल्याकडे ताळमेळ घालायची सवय निदान होती. त्याचं बक्षीस म्हणून दोन वर्षं रोज संध्याकाळी टीव्हीच्या पट्टीवर आपलं नाव पहिलं येत राहिलं. मोजणाऱ्याला अशी शिक्षा मिळत असेल तर पुढच्या वेळी मोजणार कोण?

दुसरं माप, कडकपणाचं. जगभरातल्या निर्बंधांना गुण देणारा एक निर्देशांक ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केला होता. 25 मार्च 2020 ला भारताला त्यात शंभरपैकी शंभर मिळाले. आदल्या रात्री आठला घोषणा, बाराला अंमल, मध्ये चार तास. परीक्षेत आपण पहिले आलो. पुढे सहा आठवड्यांनी, 8 मे च्या पहाटे, जालन्याहून गावी परत निघालेले सोळा मजूर तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडपाशी मालगाडीखाली सापडले. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून ते रुळांवरून चालत होते आणि गाड्या बंद आहेत असं समजून तिथेच झोपले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या पोळ्या त्यांनी बरोबर बांधून घेतल्या होत्या, कारण पुढचं जेवण कुठे मिळेल याची खात्री त्यांना कुणी दिलेली नव्हती.

मग मोजायचं काय? मला वाटतं, बंदीने फक्त वेळ मिळतो. रोग बरा होत नाही, पुढे ढकलला जातो. तेव्हा प्रत्येक राज्याला, शहराला, ग्रामपंचायतीला विचारायचा प्रश्न एकच: लोकांना कोंडून जो वेळ मिळवलात, त्यात तुम्ही स्वतः काय केलंत? आणि कोंडलेल्या माणसाचं ओझं तुम्ही किती उचललंत, त्याच्याच डोक्यावर किती ठेवलंत?

धारावीपासून सुरुवात करू. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, तीत साडेआठ-दहा लाख माणसं. पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 ला सापडला तेव्हा धारावी संपली असंच सगळे धरून चालले होते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहतात, संडासासाठी सार्वजनिक शौचालयापुढे रांग लावतात, तिथे 'घरात राहा, सुरक्षित राहा' या वाक्याला काही अर्थच नव्हता. पालिकेच्या जी-उत्तर विभागाने तो अर्थ शोधत बसण्यापेक्षा शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडा संकुल ताब्यात घेतलं आणि लोकांना तिथे नेऊन ठेवलं. तिथे तीन वेळचं खाणं, डॉक्टर, औषध सगळं पालिकेचं. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना पीपीई किट देऊन घरोघर ताप तपासायला पाठवलं, कारण सरकारी माणसाला दार न उघडणारी बाई गल्लीतल्या रोजच्या डॉक्टरला उघडते. शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली जात होती. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं.

या यशाला एक किनार आहे, ती सांगायला हवी. मे महिन्यात हजारो मजूर धारावी सोडून गावी गेले, गर्दी कमी झाली. शिवाय जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत झालेल्या सेरो पाहणीत झोपडपट्ट्यांतल्या 57 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इमारतींत 16 टक्के. त्या तीन वॉर्डांत धारावी नव्हती, पण धारावी त्याला फार मोठा अपवाद असेल असं मानायला जागा नाही. विषाणू तिथे रोखला गेला असं मी म्हणणार नाही. माणसं एकटी पडली नाहीत, वेळेत दवाखान्यात पोचली, असं म्हणेन. बंदीचा उपयोग तिथे झाला, कारण बंदीबरोबर ताटही आलं.

मुंबईत हीच रीत पुढे शहरभर गेली. चोवीस वॉर्ड, प्रत्येक वॉर्डाची वेगळी वॉर रूम, खाट मिळवण्याची धावपळ नातेवाइकांकडून काढून वॉर्डाकडे दिलेली. एप्रिल 2021 च्या मध्यात ऑक्सिजन कमी पडतोय हे दिसल्यावर सहा रुग्णालयांतल्या 168 रुग्णांना पालिकेने एका रात्रीत दुसरीकडे हलवलं. पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या ऑक्सिजनची सुनावणी चालू असताना सर्वोच्च न्यायालयाने 'मुंबईकडून शिका' असं सांगितलं, ते उगाच नाही.

नंदुरबारचं उदाहरण मला याहून मोठं वाटतं. मुंबईकडे पैसा होता. नंदुरबार हा मानव विकासाच्या यादीत राज्यात तळाशी असणारा आदिवासी जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः डॉक्टर. पहिल्या लाटेतच त्यांनी ऑक्सिजन निर्मितीचा प्रकल्प मंजूर करून घेतला आणि सप्टेंबर 2020 मध्ये तो सुरूही झाला. नंतर रुग्ण कमी झाले, राज्यभर जंबो सेंटरं, म्हणजे तात्पुरती उभारलेली मोठी कोविड रुग्णालयं, गुंडाळायची भाषा सुरू झाली, तरी इथे पुढच्या प्रकल्पांचं काम थांबलं नाही. दुसऱ्या लाटेत देश सिलिंडरसाठी रडत असताना नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता आणि शेजारच्या राज्यांतले रुग्णही तिथे येत होते.

आणि गोवा? 19 एप्रिल 2020 ला गोव्यातला तोवरचा शेवटचा रुग्ण बरा झाला, राज्य शून्यावर आलं. सुरुवातीच्या बंदीत तिथे काही दिवस किराणा दुकानंसुद्धा उघडली नव्हती. कडकपणाच्या मापाने गोवा आदर्श. पुढे महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर दोन हजार रुपये भरून चाचणी करा, नाहीतर चौदा दिवस घरात बसा, असे नियम आले. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडची शेकडो पोरं रोज मोटारसायकलने गोव्यात कामाला जातात. त्यांच्यासाठी सह्याद्री आडवा आला नव्हता तेवढा हा नाका आला. या सगळ्या काळात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्सिजन मात्र ट्रॉलीवरच्या सिलिंडरांतूनच येत राहिला. सिलिंडर बदलताना दाब पडतो, हे तिथल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला ठाऊक होतं. 11 मे 2021 ला पहाटे दोन ते सहा या वेळात तिथे 26 रुग्ण गेले. आकडा स्वतः आरोग्यमंत्र्यांनी सांगितला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने धारेवर धरल्यावर द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी काही दिवसांतच बसली. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या रांगेत असलेलं राज्य, पहिल्या रुग्णापासून हातात तेरा महिने, आणि टाकी बसायला लागले काही दिवस. नंदुरबार आणि बांबोळी यांची तुलना करायची तर नाक्यावरचा बांबू कुणाचा जाड होता हे बघून काय उपयोग?

आपल्याकडच्या निर्बंधांत काही तर निव्वळ हास्यास्पद होते. 2020 चा गणपती आठवा. चतुर्थी 22 ऑगस्टला. चाकरमान्यांनी 12 तारखेपर्यंत गावी पोचायचं आणि दहा दिवस विलगीकरणात राहायचं, असं ठरलं. एसटीने गेलात तर ई-पास, म्हणजे प्रवासाचा ऑनलाइन परवाना, नको, स्वतःच्या गाडीने गेलात तर हवा. पुढे 20 ऑगस्टपासून एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक सगळ्यांना खुली झाली, तीही ई-पासशिवाय. खासगी गाडीला मात्र महिनाअखेरपर्यंत ई-पास लागत राहिला. म्हणजे अनोळखी वीस माणसांबरोबर लाल डब्यात बसून सातारा गाठायला हरकत नाही, पण नवरा-बायको आणि दोन पोरं आपल्या गाडीतून निघाली तर परवानगी, कारण, क्यूआर कोड आणि नाक्यावर तपासणी. सायबर कॅफेवाल्यांनी आणि दलालांनी या पासांवर काय कमाई केली त्याची कहाणी वेगळी. कोकणात काही वाड्यांनी रस्त्यावर आडवी लाकडं टाकली, मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला पडवीत ठेवलं. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयात धड डॉक्टर नाही, तिथल्या माणसाने लाकडं टाकू नयेत तर काय करावं? जे काम सरकारने अंगावर घ्यायचं ते लाकडाच्या ओंडक्यावर सोपवलं होतं.

लोकलचंही तसंच. रोज पाऊण कोटी माणसं वाहणारी मुंबईची लोकल सामान्य माणसाला मार्च 2020 पासून फेब्रुवारी 2021 पर्यंत बंद, मग ठरावीक वेळांत उघडी, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस घेतलेल्यांना खुली. कार्यालयं आणि दुकानं मात्र मधल्या काळात उघडत गेली होती. कामावर या, पण येऊ नका. नालासोपाऱ्यात जुलै 2020 मध्ये एसटीची सोयही थांबली तेव्हा लोक थेट रुळांवर उतरले. वातानुकूलित घरातून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला हा निर्बंध जाणवलाच नाही. विरारच्या घरकामवालीने, आसनगावच्या शिपायाने त्याची किंमत दुप्पट भाडं आणि चार तासांचा प्रवास अशी रोज मोजली.

एप्रिल 2021 च्या 'ब्रेक द चेन' नावाच्या निर्बंधांच्या वेळी सरकारने 5,476 कोटींची मदत जाहीर केली, हे चांगलंच झालं. देशात तेव्हा फार थोड्यांनी तेवढंही केलं. नोंदणीकृत फेरीवाले, रिक्षाचालक, बांधकाम कामगार यांना प्रत्येकी दीड हजार रुपये. महिन्याचे धरले तर दिवसाला पन्नास. आणि तेही नोंदणीकृतांना. आता मुंबई-पुण्यातल्या किती फेरीवाल्यांकडे परवाना असतो, हे त्यांच्याकडून भाजी घेणाऱ्या कुणालाही विचारा. केरळने 2020 च्या वसंतातच रेशनकार्ड असलेल्या प्रत्येक घराला शिध्याची पिशवी दिली, कार्डाचा रंग बघितला नाही. पंचायती आणि कुटुंबश्री या महिला बचत गटांच्या जाळ्यातल्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. तिथेही पायिप्पाडला परप्रांतीय मजूर हजारोंनी रस्त्यावर आले, आम्हाला घरी जाऊ द्या म्हणाले, हे विसरायचं नाही. बकरी ईदच्या सवलतींवरून जुलै 2021 मध्ये केरळ सरकारला सर्वोच्च न्यायालयाने फटकारलं, तेही. केरळला देव्हाऱ्यात बसवायची मला गरज वाटत नाही. पण तिथे बंदीच्या आदेशामागून शिधा पोचेल अशी एक यंत्रणा आधीपासून उभी होती, आणि ती उभी राहायला पंचायतींना खरोखरचे पैसे आणि अधिकार देण्याची पंचवीस वर्षं लागली होती. ती साथीत एका रात्रीत उभी राहत नाही.

एका बाबतीत मात्र केरळ आणि महाराष्ट्र दोघेही सारखेच नापास. डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 ला, म्हणजे पहिल्या लाटेतच, सगळ्यात आधी लहान मुलांच्या शाळा उघडल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लहान मुलांना धोका कमी, आणि ती घरी असली की आईबाप कामावर जाऊ शकत नाहीत. आपल्या राज्यात दारूची दुकानं मे 2020 मध्ये उघडली, मॉल ऑगस्टमध्ये, बार आणि रेस्टॉरंट ऑक्टोबरमध्ये. पहिली ते चौथीचे वर्ग शहरांत डिसेंबर 2021 मध्ये उघडले, आणि जानेवारीत काही आठवड्यांसाठी पुन्हा बंद झाले. केरळच्या शाळा 1 नोव्हेंबर 2021 ला उघडल्या. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात केरळच्या तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुलं 2018 मध्ये 52.1 टक्के होती, 2022 मध्ये 38.7 उरली. देशाचा आकडा 27.3 वरून 20.5 वर आला. पोरांना मत नसतं आणि ती महसूल देत नाहीत, एवढंच कारण मला उघडण्याच्या या क्रमामागे दिसतं. दुसरं कुणाला दिसत असेल तर ऐकायला आवडेल.

स्वीडनने निर्बंध सैल ठेवले म्हणून त्याला जगाने आधी शिव्या घातल्या, नंतर डोक्यावर घेतलं. त्यांनी स्वतः काय केलं? आयोग नेमला. फेब्रुवारी 2022 च्या अंतिम अहवालात त्या आयोगाने म्हटलं की सक्तीऐवजी सल्ल्याचा मार्ग मुळात बरोबर होता, पण सुरुवातीच्या आठवड्यांत आणखी कडक पावलं उचलायला हवी होती. ब्रिटनमध्ये निवृत्त न्यायाधीशांसमोर पंतप्रधानांपासून सगळ्यांच्या साक्षी झाल्या. आपल्याकडे गाजल्या त्या चौकशा पैशांच्या: खिचडीची कंत्राटं, मृतदेहांच्या पिशव्यांचे दर. त्या व्हायलाच हव्यात, चोराला सोडू नये. पण ई-पासने नेमकं काय साधलं, लोकल बंद ठेवून किती जीव वाचले, 2019 मध्ये देशात 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती ती 2020 मध्ये 18 लाखांवर कशी घसरली आणि ते सहा लाख लोक गेले कुठे, याची झडती घेण्यात कुणालाच रस नाही. सत्तेत तेव्हा असलेले आणि नसलेले, दोघांनाही.

देशव्यापी टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आली, पण राज्यांनी त्याच्या जोडीला जो कायदा वापरला तो 1897 चा साथरोग कायदा. मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईने केलेला, अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती. दुसऱ्यात सरकारला वाटेल ते करण्याचे अधिकार. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. त्याच आधारे भारतीय दंडविधानाच्या कलम 188 खाली महाराष्ट्रात लाखाहून अधिक गुन्हे दाखल झाले आणि पुढे सरकारलाच ते मागे घ्यायचं ठरवावं लागलं. चौथ्यात अधिकाऱ्यांना संरक्षण. त्याच अधिकारांच्या जोरावर प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी पुण्यातल्या माजघरांत बूट घातले होते. 2020 मध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली ती डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांना शिक्षा वाढवण्यासाठी. तीही गरजेचीच होती. फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने या कायद्याचा आढावा घेऊन तो अपुरा असल्याचं सांगितलं. आता नवा मसुदा होईल तेव्हा त्यात पाचवं कलम मागायला हवं: बंदीचा आदेश काढणाऱ्याने त्याच आदेशात लिहावं की तो किती दिवसांचा आहे, कोणत्या आकड्यावर उठेल, आणि तोवर ज्यांचा रोज बुडणार आहे त्यांच्या घरी शिधा कोण, कधी आणि कशाने पोचवणार आहे. हे लिहिता येत नसेल तर आदेश निघू नये.